आळशी वायूचा सिलिंडर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात पहिला फ्रिज आला तेव्हा आम्ही दोन दुकानं पाहिली होती. मुलीसाठी स्कूटर घेतली तेव्हा चार पाहिली. निवृत्तीनंतर मी एक लोखंडी सिलिंडर घेतला, त्यासाठी मात्र दहा महिने घालवले. "मुलीला स्थळं पाहतानासुद्धा यांनी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या," असं आमच्या सौभाग्यवती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. थट्टा खरी आहे. पण त्या दहा महिन्यांत मला जे कळलं, ते छत्तीस वर्षं कारखान्यात वेल्डिंग करूनही कळलं नव्हतं. त्यातलंच थोडं आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाने उभे राहू लागले. त्याच्याही आधी, १९५४ मध्ये, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झालेलं होतं. पुढे भोसरी, आकुर्डी, तळवडे भरत गेले आणि गेल्या पंचवीसएक वर्षांत कारखानदारी नाशिक रस्त्यानं चाकणपर्यंत जाऊन पोचली. या सगळ्या पट्ट्यात रोज किती लोखंड लोखंडाला जोडलं जातं याचा हिशेब कोणी केला नसेल. मोटारसायकलचा सांगाडा, सायलेन्सर, गाडीच्या सीटखालची चौकट, दुधाची टाकी, सोसायटीचं फाटक, सगळीकडे वेल्डिंग. माझ्यासारख्या हजारो माणसांचे संसार त्या निळसर ठिणगीवर उभे राहिले.

आता ज्यांनी वेल्डिंग फक्त रस्त्यावरून जाताना डोळे मिटून पाहिलंय, त्यांच्यासाठी सांगतो. वेल्डिंग म्हणजे दोन तुकड्यांच्या कडा वितळवून एक करणं. त्या वेळी लोखंड पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, आणि त्या क्षणी त्याचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर आपण श्वासात घेतो ती हवा. हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्या तापलेल्या रसात शिरतात. रस गोठला की आतल्या आत भोकं राहतात, सांधा ठिसूळ होतो. वरून टाका छान दिसतो, आत मात्र मधमाश्यांचं पोळं. म्हणून वितळलेल्या लोखंडावर पांघरूण घालावं लागतं. साध्या कांडीच्या वेल्डिंगमध्ये कांडीवरचा मसाला जळून ते पांघरूण तयार होतं. नंतर आपण हातोडीनं जो खपला काढतो, तो त्याचाच. मिग वेल्डिंगमध्ये मसाला नसतो. तिथं तारेचं रीळ फिरत असतं आणि तारेच्या भोवतीनं नोझलमधून गॅस वाहत असतो. तो गॅस म्हणजेच पांघरूण.

हा गॅस साधारण दोन प्रकारचा. एक कार्बन डायऑक्साइड, ज्याला आम्ही कामगार सरळ 'सीओटू' म्हणतो. दुसरा आर्गॉन. किंवा मग दोघांचं मिश्रण. आर्गॉनची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८९४ साली इंग्लंडात लॉर्ड रॅली आणि विल्यम रॅम्से या दोघांनी तो शोधला. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून केलेला नायट्रोजन यांच्या वजनात अगदी थोडा, साधारण अर्ध्या टक्क्याचा फरक येत होता. दुसऱ्या कोणी तो मोजमापाची चूक म्हणून सोडून दिला असता. यांनी सोडला नाही, आणि त्या फरकातून एक नवा वायू सापडला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून त्याला 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आर्गॉन असं नाव दिलं. १९०४ साली दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळालं, रॅलींना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्सेंना रसायनशास्त्राचं.

हा आळशी वायू आपल्या आजूबाजूलाच असतो. हवेत त्याचं प्रमाण एक टक्क्याला थोडं कमी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत म्हणजे सुमारे अडीचशे लिटर आर्गॉन असतोच. पण तो वेगळा काढायचा तर हवा इतकी थंड करावी लागते की तिचं पाणी व्हावं. मग नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, आर्गॉन उणे १८६ ला आणि ऑक्सिजन उणे १८३ ला. आर्गॉन आणि ऑक्सिजन यांच्यात जेमतेम तीन अंशांचं अंतर. तेवढ्या फटीतून त्याला बाजूला काढायचं. चाकणच्या बाजूला गेलात तर असे हवेपासून वायू वेगळे करणारे उंच मनोऱ्यांचे कारखाने दिसतात. आर्गॉन महाग का आणि सीओटू स्वस्त का, याचं उत्तर तिथं आहे. सीओटू हा अमोनियाच्या कारखान्यात, मद्यार्काच्या आसवनीत आपोआप निघणारा वायू. तो गोळा करून शुद्ध केला की झालं.

तर मी २०२० च्या अखेरीला निवृत्त झालो. हात स्वस्थ बसेनात. २०२१ च्या मार्चमध्ये घरच्या विजेवर चालणारं छोटं मिग मशीन घेतलं. आमचं घर चिंचवडला, तळमजला आणि वर एक मजला, मागे दहा फुटांचं मोकळं अंगण. अंगणात टेबल मांडलं. मशीन लावलं. आणि मग लक्षात आलं की आयुष्यात मी गॅसचा सिलिंडर कधी विकतच घेतलेला नाही! कारखान्यात गॅस भिंतीवरच्या पाइपातून येई. नळ फिरवला की गॅस. तो कुठून येतो, कोण भरतं, सिलिंडर कोणाचा, हे बघणारं खातं वेगळं होतं. नळाला पाणी येतं म्हणून धरण कुठं आहे हे न विचारणाऱ्या माणसासारखी माझी गत.

भोसरीतल्या एका गॅसवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "काका, टाकी आमची की तुमची?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यानं समजावलं. एक रीत अशी, की सिलिंडर गॅसवाल्याचाच राहतो. आपण अनामत रक्कम भरायची, भरलेला सिलिंडर न्यायचा, संपला की परत द्यायचा. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त दिवस ठेवला तर रोजचं भाडं. दुसरी रीत, सिलिंडर आपण विकत घ्यायचा आणि नुसता गॅस भरून आणायचा. पहिल्या रीतीत तपासणीची जबाबदारी त्याची, दुसरीत आपली. ज्याचं काम रोजचं आहे, त्याला पहिली रीत परवडते. माझ्यासारख्या, महिन्यातून चार दिवस टेबलाशी उभं राहणाऱ्याला भाडंच खाऊन टाकेल. मी म्हटलं, विचार करून येतो.

विचार करेपर्यंत एप्रिल उजाडला. श्रोतेहो, २०२१ चा तो एप्रिल आपण कोणीच विसरणार नाही. करोनाची दुसरी लाट आली आणि ऑक्सिजन हा शब्द घराघरात पोचला. २२ एप्रिलपासून, मोजके उद्योग सोडले तर, कारखान्यांना ऑक्सिजन देणं केंद्र सरकारनं बंद केलं. सगळा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला. नायट्रोजन आणि आर्गॉन वाहणारे टँकरसुद्धा बदल करून ऑक्सिजनसाठी वापरायला घेतले. भोसरीतले गॅस कटिंग करणारे छोटे कारखानदार हात बांधून बसले. मी फोन केला तेव्हा तोच गॅसवाला म्हणाला, "काका, आता टाकीचं नाव काढू नका. रात्री दोनला लोक दारात उभे असतात." मी फोन ठेवला. ज्या मनोऱ्यांमधून माझ्या टाक्यासाठी गॅस यायचा, त्याच मनोऱ्यांमधून कोणाचा तरी श्वास येत होता. माझं मशीन चादर घालून झाकून ठेवलं. तेव्हापासून सिलिंडर नुसता लोखंडाचा डबा वाटत नाही.

पुढे दिवाळी झाली, दिवस निवळले. माझ्या पुतण्यानं तळवड्याला फॅब्रिकेशनची छोटी शेड टाकली. एक दिवस उत्साहानं घरी आला. "काका, चला. दोन सिलिंडर मिळतायत, निम्म्या भावात. एक माझा, एक तुमचा. सीओटूचे आहेत." एका भंगाराच्या दुकानात ते उभे होते. नवा काळा रंग, चकचकीत. भंगाराचा मला तिटकारा नाही. कुदळवाडीतल्या भंगाराच्या बाजारातून मी कितीतरी चांगल्या वस्तू आणल्या. तो बाजार फेब्रुवारी २०२५ मधल्या महापालिकेच्या मोठ्या कारवाईत पाडला गेला, पण तिथून घेतलेला माझा बाकावरचा शिकंजा अजून उत्तम आहे. पण शिकंजा वेगळा आणि सिलिंडर वेगळा.

मी खिशातल्या किल्लीनं सिलिंडरच्या मानेवरचा रंग थोडा खरवडला. खाली पांढरा रंग निघाला. आता हे पाहा. आपल्याकडे कोणत्या वायूच्या सिलिंडरला कोणता रंग, हे भारतीय मानकानं ठरवून दिलेलं आहे. आर्गॉनचा निळा. नायट्रोजनचा राखाडी आणि मान काळी. ॲसिटिलीनचा मातकट तांबडा. औद्योगिक सीओटूचा काळा. आणि वैद्यकीय ऑक्सिजनचाही काळाच, फक्त मान पांढरी. म्हणजे पांढऱ्या मानेवर काळा हात फिरवला की ऑक्सिजनचा सिलिंडर दिसायला सीओटूचा झाला! एका वायूचा सिलिंडर दुसऱ्या वायूसाठी वापरायचा तर विस्फोटक नियंत्रकांची लेखी परवानगी लागते. ब्रश आणि डब्यानं ते होत नाही.

मग मानेवर कोरलेली अक्षरं वाचायला घेतली. प्रत्येक सिलिंडरच्या मानेवर त्याची कुंडली कोरलेली असते. बनवणाऱ्याची आणि मालकाची खूण, क्रमांक, वायूचं नाव, रिकाम्या सिलिंडरचं वजन, आत किती लिटर पाणी मावेल ते, किती दाबापर्यंत वापरायचा तो आकडा, आणि शेवटच्या तपासणीची तारीख. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसवर इंग्रजी ए, बी, सी, डी आणि वर्षाचा आकडा असतो, तसंच हे. अशा सिलिंडरची तपासणी साधारण दर पाच वर्षांनी करावी लागते. तो पाण्यानं गच्च भरतात आणि नेहमीच्या दाबापेक्षा किती तरी जास्त दाब देतात. दाब काढल्यावर पोलाद पूर्ववत झालं तर ठीक. ताणलेलं राहिलं तर तो बाद. पाणीच का, तर पाणी दबत नाही. सिलिंडर फुटलाच तर पाणी सांडेल, पण स्फोटासारखी चिरफाड होणार नाही.

त्या दोन सिलिंडरांपैकी एकावरची शेवटची तारीख २००३ ची होती. दुसऱ्यावर तारखेच्या जागी पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेलं. आणि दोन्हींवर मालक म्हणून एका गॅस कंपनीची खूण होती. म्हणजे कोणीतरी अनामतीवर नेलेले, परत न केलेले सिलिंडर. विकणारा त्यांचा मालकच नव्हता! पुतण्या म्हणाला, "काका, रंग दिलाय ना, आतून चांगलाच असेल." मी त्याला विचारलं, तुझ्या मोटारीच्या चाकात हवा किती असते? म्हणाला, दोन किलो. आईच्या प्रेशर कुकरमध्ये? एक किलो. या आर्गॉन-ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये दीडशे किलो. दर चौरस सेंटीमीटरला दीडशे. कुकरची शिट्टी उडाली तर छताला डाग पडतो. याची मान तुटली तर साठ किलोचं पोलाद तोफेच्या गोळ्यासारखं निघतं आणि विटांच्या भिंतीला विचारत नाही. रंग आतून नसतो रे बाबा.

तो थोडा हिरमुसला. पैशाची तंगी होती, नवी शेड, नवं कर्ज. निम्म्या भावाचा मोह मला कळत होता. दोन दिवस तो बोललाही नाही. मग आम्ही दोघं पुन्हा भोसरीला गेलो. त्यानं अनामत भरून मोठा सिलिंडर घेतला, कारण त्याला तो आठवड्या-दोन आठवड्यांत संपवायचाच होता. मी छोटा, दहा लिटरचा, नवा विकत घेतला. सोबत कारखान्याचं तपासणीचं प्रमाणपत्र आणि पक्कं बिल मागून घेतलं. हा कागद टीव्हीच्या वॉरंटीसारखा पिशवीत टाकून विसरायचा नाही. गॅस भरणारा कधीही तो मागू शकतो, आणि नसेल तर चांगला सिलिंडरही भंगार ठरतो. आणखी एक गोष्ट विचारून घ्या: माझाच सिलिंडर भरून देणार, की अदलाबदल करणार? अदलाबदल असेल तर आपला नवाकोरा जाईल आणि त्याच्या बदल्यात तपासणी संपत आलेला हातात पडेल.

आता गॅस कोणता? आमच्या कामासाठी, म्हणजे साध्या लोखंडासाठी, नुसता सीओटूही चालतो. स्वस्त पडतो, जाड पट्टीत खोल शिरतो. पण ठिणग्या फार उडतात आणि पातळ पत्रा जळून भोक पडतं. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. तो भराभर बाहेर येताना इतका थंड होतो की रेग्युलेटर गोठतो, म्हणून त्याला हीटर लावावा लागतो. आणि काट्यावरून किती उरलाय ते कळत नाही. द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि मग एकदम पडतो. स्वयंपाकाचा गॅस आपण उचलून अंदाज घेतो ना, तसंच. वजन करा आणि मानेवरचं रिकामं वजन वजा करा. आर्गॉनचं तसं नाही. तो दाबाखालीही वायूच असतो. काटा निम्म्यावर आला म्हणजे निम्मा उरला. मी आर्गॉन ऐंशी टक्के आणि सीओटू वीस टक्के असं मिश्रण घेतलं. पातळ पत्र्याला ते गुणी आहे. ॲल्युमिनियमला मात्र शुद्ध आर्गॉनच हवा.

हिशेबही सांगतो. मोठ्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर गॅस. मिनिटाला दहा लिटर धरला तर सातशे मिनिटं ठिणगी चालते. माझ्या छोट्यात दीड हजार लिटर, म्हणजे अडीच तास. अडीच तास थोडे वाटतात, पण मापणं, कापणं, बसवणं यातच वेळ जातो. तासाभराच्या कामात ठिणगी दहा मिनिटंसुद्धा चालत नाही. पुतण्याला सुरुवातीला वाटायचं, टाक्यात भोकं पडली की गॅस वाढवावा. त्यानं पंचवीस लिटर सोडला आणि भोकं आणखी वाढली. गॅस फार जोरात सुटला की त्याचे भोवरे होतात आणि ते बाहेरची हवा आत ओढून घेतात. त्याच्या शेडमध्ये खरं कारण निघालं, डोक्यावरचा पंखा! पंख्याची दिशा बदलली आणि गॅस बारा लिटरवर आणला. टाका सुधारला, पैसेही वाचले.

सिलिंडर घरी कसा आणायचा, तेही सांगतो. गॅसवाल्याच्या दारातच एक जण तो स्कूटरच्या पायाशी आडवा टाकून निघाला होता. भरलेला सिलिंडर दुचाकीवरून नेणं नियमानं मना आहे, आणि ते योग्यच आहे. मी छोटा टेम्पो केला. व्हॉल्व्हवरची टोपी घट्ट बसवली, सिलिंडर दोरीनं बांधला. व्हॉल्व्ह पितळी असतो, सिलिंडरचा तोच नाजूक अवयव.

घरी आणला आणि आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, पण ठेवणार कुठे?" मी म्हटलं, जिन्याखाली. तिथं झाडू, जुने पेपर, सायकलचा पंप असतो. दार लावलं की कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. उन नाही, पाऊस नाही. सिलिंडर उचलला आणि जिन्याखालचं दार उघडलं. आणि मी थांबलो.

१९९४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात होतो. स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांचं काम होतं. अशा टाकीचा सांधा आतून काळा पडू नये म्हणून आत आर्गॉन सोडतात. जेवणाची सुट्टी झाली. आर्गॉनची नळी टाकीतच राहिली आणि व्हॉल्व्ह पुरता बंद झाला नाही. सुट्टीनंतर माझा जोडीदार कमरेला दोरी बांधून आत उतरला. दोरी बांधल्याशिवाय आमचे फोरमन कोणाला टाकीत उतरू देत नसत. आम्ही मागे त्यांची चेष्टा करायचो. तो उतरला आणि दोन वाक्यं बोलेपर्यंत खाली बसला. ओरडला नाही, खोकला नाही, हात हलवला नाही. वर उभा असलेला पोरगेला हेल्पर हाक मारत राहिला. मी धावत गेलो आणि तोंडातून पाय आत टाकणार, तेवढ्यात फोरमननी माझी कॉलर धरून मागे खेचलं. "तूही मरशील!" ते ओरडले. त्यांनी आर्गॉन बंद केला, कॉम्प्रेसरच्या हवेची नळी आत सोडली आणि आम्ही तिघांनी दोरीनं त्याला वर ओढला. तो वाचला. दोन दिवस रुग्णालयात होता. पुढे वीस वर्षं त्यानं काम केलं, पण टाकीत कधी उतरला नाही.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. आर्गॉनमध्ये माणूस श्वास घेतच राहतो, सोडतच राहतो. छाती भरते, रिकामी होते. शरीराला वाटतं सगळं ठीक आहे. आणि मेंदूचा दिवा विझतो. आर्गॉनला वास नाही, रंग नाही, चव नाही. तो हवेपेक्षा जड असल्यानं खाली, खड्ड्यात, टाकीत साठून राहतो. जळत नाही, विषारी नाही, कशाशी भांडत नाही. आळशी माणसासारखा नुसता जागा अडवून बसतो. त्यानं अडवलेली जागा ऑक्सिजनची असते, एवढंच.

मी जिन्याखालची जागा मापली. चार फूट रुंद, आठ फूट लांब, सरासरी उंची सहा फूट. साडेपाच घनमीटरसुद्धा नाही. माझ्या छोट्या सिलिंडरमध्येच दीड घनमीटर गॅस. रात्रभरात व्हॉल्व्ह गळला आणि सकाळी ही झाडू घ्यायला वाकली तर? आणि पुतण्याचा मोठा सिलिंडर तर त्या जागेपेक्षाही जास्त गॅस पोटात घेऊन उभा. पुतण्या शेडला लागूनच्या आठ बाय आठच्या खोलीत झोपायचा आणि चोरीच्या भीतीनं सिलिंडर रात्री आत घ्यायचा. मी त्याच संध्याकाळी तळवड्याला गेलो. सिलिंडर बाहेर काढायला लावला, छपराखाली भिंतीला साखळीनं बांधून वर कुलूप घातलं. तो म्हणाला, "काका, हा तर पेटत पण नाही, मग एवढं काय?" मग मी त्याला १९९४ ची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत घरात कोणालाच सांगितली नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर उठून त्यानं खोलीची खिडकी, जी पत्रा ठोकून बंद केली होती, ती उघडली.

माझा सिलिंडर आता मागच्या अंगणात, उघड्यावर, पण छपराच्या सावलीत, भिंतीला साखळीनं बांधून उभा असतो. त्याच्या काही सवयी मी लावून घेतल्या आहेत. रेग्युलेटर जोडण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करायचा, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. उघडताना आपण बाजूला उभं राहायचं, काट्याच्या समोर नाही. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचं. तेल, ग्रीस कुठंही लावायचं नाही. काम संपलं की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग बाकीचं आवरणं. मिनिटाला एक लिटर गळला, तरी बारा तासांच्या रात्रीत सातशे लिटर जातो, म्हणजे माझा निम्मा सिलिंडर. आणि अगदी तळापर्यंत संपवायचा नाही. थोडा दाब ठेवून बंद करायचा, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

पहिलं काम काय केलं असेल? आमच्याच घराच्या जिन्याखालचं लाकडी दार काढलं आणि तिथं जाळीचं लोखंडी दार बसवलं. वारा खेळता राहावा म्हणून. त्याचे सगळे टाके मी स्वतः मारलेत. कुठं एक भोक नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, दहा महिने आणि एवढे पैसे खर्चून शेवटी झाडूला दार केलंत. मी काही बोलत नाही. रोज सकाळी त्या त्या दारातून झाडू काढतात, तेवढं मला पुरतं.